डाव्या शिवणीतली बेरीज

त्या माणसाचं नाव मी इथे घेणार नाही. दया आली म्हणून नव्हे. दीड वर्ष माझी कोडी स्वतःची म्हणून छापताना त्यानं माझं नाव घेतलं नाही, आता मी त्याचं घेत नाही. फिट्टंफाट. मी त्याला 'हुशार' म्हणेन, कारण भेटल्या दिवसापासून तो स्वतःबद्दल हेच सांगत होता.

आनेकलच्या वाटेवर तयार कपड्यांचा एक कारखाना आहे, तिथे मी पॅटर्न कापते. शर्टाची पाठ, बाही, कॉलर जाड कागदावर आखायची, कापायची. त्या कागदांवरून ढीगभर शर्ट निघतात आणि त्यांतला एकही माझा म्हणून कोणी ओळखत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, ते पगाराचं काम आहे. कोडी मात्र माझी होती.

कारखान्याची बस सकाळी तिथे पोचायला दीड तास घेते. शेजारच्या बायका डुलक्या काढतात, मी मांडीवर पुठ्ठा ठेवून पेन्सिलीनं किलर सुडोकू सोडवते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नऊ बाय नऊ घरांची चौकट असते. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या स्तंभात आणि तीन बाय तीनच्या प्रत्येक चौकोनात एक ते नऊ आकडे एकेकदाच यायला हवेत. साध्या सुडोकूत काही आकडे आधीच भरून दिलेले असतात. किलरमध्ये एकही नसतो. त्याऐवजी काही घरांभोवती तुटक रेघांचा पिंजरा आखलेला असतो आणि त्याच्या कोपऱ्यात आतल्या आकड्यांची बेरीज लिहिलेली असते. त्या बेरजांवरून सगळं शोधायचं, आणि उत्तर एकच निघालं पाहिजे. दोन उत्तरं निघणारं कोडं म्हणजे दोन्ही बाह्या डाव्या असलेला शर्ट. तो रचणाऱ्यानं तोंड लपवावं.

आमचं घर शिंप्याचं. या गावात किती पिढ्या झाल्या ते कोणाला सांगता येत नाही. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि भांडताना दोन्ही. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं दुकान चिकपेटेतल्या एका बोळात होतं. एक मशीन आणि एक स्टूल ठेवलं की दुकान भरलं. नजर अधू झाल्यावर शिवण थांबली, तरी ते रोज फळ्या काढून बसायचे. रविवारी मी स्टुलावर बसून कोडी रचायची आणि त्यांना आकडे वाचून दाखवायची. एकदा मी एका पिंजऱ्यावर चौदा लिहिलं होतं. आतले आकडे निघाले नऊ, पाच आणि तीन. आप्पांनी बोटांवर मोजलं.

"सतरा होतात की गं."

"चुकलं माझं, आप्पा. खोडते."

"स्वल्प थांब. खोडतीस कशाला? तीन आत मुडपलेत म्हण. कापडाचा काठ आत मुडपला की वरून मापाला येत नाही. पण असतो तिथंच."

मी खोडरबर खाली ठेवला. त्या दुपारी दोघांनी मिळून नियम ठरवला. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एक घर मुडपलेलं असेल. त्यातला आकडा पिंजऱ्याच्या बेरजेत धरायचा नाही. ते घर कोणतं हे सांगायचं नाही, सोडवणाऱ्यानं हुडकायचं. या प्रकाराला आम्ही 'मुडप' म्हणू लागलो. माझी चूक आप्पांनी वाया जाऊ दिली नाही.

दुसरा नियम एकट्या आप्पांचा होता. आमच्यात डाव्या काखेखालच्या शिवणीत दोन बोटं जादा कापड आत सोडतात. त्याला शिंपी माया म्हणतात. माणूस अंगानं भरला की तिथलं उसवून कपडा सैल करता येतो. गिऱ्हाईकाला दिसत नाही म्हणून ते कापड मारणाऱ्या शिंप्याला आप्पा सरळ चोर म्हणायचे. "कोड्यातपण ठेव," ते म्हणाले. "सोडवणारं माणूसच आहे, कुठंतरी अडकणार." तेव्हापासून माझ्या प्रत्येक कोड्यात डाव्या काठाला, चौथ्या आणि पाचव्या ओळीत, दोन घरांचा एक जादा पिंजरा असतो. तो नसला तरी कोडं सुटतं. असला की अडकलेल्याला धरायला काहीतरी मिळतं.

आप्पा गेले, दुकान बंद झालं, आणि रविवार मला खायला उठला. जयनगरात एका वाचनालयाच्या माडीवर कोडी सोडवणाऱ्यांची मंडळी रविवारी सकाळी जमतात असं कळलं, म्हणून मेट्रोनं तिथे जाऊ लागले. वीस-पंचवीस माणसं, सगळं बोलणं इंग्रजीत. मी कोपऱ्यात बसून सोडवायची आणि परत यायची. मराठी बोलणारे दोघंच. एक टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आमच्यासारखेच इथले जुने. वयानं मोठे असून मला अक्का म्हणायचे, मी त्यांना अण्णा. वार्षिक स्पर्धेत ते सहा वर्षं सलग दुसरे आले होते, आणि हे स्वतःच हसत सांगायचे.

दुसरा हुशार. पुण्याहून आलेला, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. माझं पहिलंच वाक्य ऐकून म्हणाला, "ताई, तुमचं मराठी किती क्यूट आहे! एकदम अँटिक!" मी हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. पण मंडळींसमोर उभं राहून इंग्रजीत बोलायची माझी छाती नव्हती, म्हणून मुडपची कोडी मी त्याला दाखवली. त्यानं ती प्रोग्रॅममध्ये घालून तपासली आणि पुढच्या रविवारी म्हणाला, "ताई, ब्रिलियंट आहे. फक्त हा डावीकडचा पिंजरा रिडंडंट आहे. काढला तरी आन्सर एकच येतं. काढला की कोडं क्लीन होतं."

मी त्याला माया समजावून सांगितली. काख, शिवण, दोन बोटं, आप्पा, सगळं. तो "सो स्वीट" म्हणाला. क्लबसाठी संग्रह करतोय, आणखी द्या, म्हणाला. मी दिली. दीड वर्षात एकतीस. हातानं आखलेली, मागच्या बाजूला उत्तर लिहिलेली. मध्ये एकदा कौतुकानं सांगत होता, "आता तर मी प्रोग्रॅम रनसुद्धा करत नाही, ताई. तुमचा डावा पिंजरा डोळे झाकून उडवतो. कधीच चुकत नाही." हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. पुढे ते फार उपयोगी पडलं.

एका रविवारी अण्णांनी मला जिन्यात थांबवलं आणि मोबाइल पुढे केला. माझी दोन-तीन कोडी त्यांनी पूर्वी सोडवली होती, म्हणून त्यांना ओळखू आलं. हुशारची वेबसाइट होती. वर त्याचा हसरा फोटो. खाली एकतीसच्या एकतीस कोडी, डावा पिंजरा उडवलेली. मुडपचं नाव बदलून 'हिडन हेम' केलेलं. आणि ही कल्पना कशी सुचली त्याची गोष्टही होती: चिकपेटेत हिंडताना एका म्हाताऱ्या टेलरला काठ मुडपताना पाहिलं आणि डोक्यात वीज चमकली. परदेशातल्या लोकांनी खाली वाहवा केली होती.

कोडी चोरली याचा राग आलाच. पण एक म्हातारा टेलर! ज्या माणसानं ते शोधलं त्याला यानं बोळात बसवलेला देखावा करून टाकलं होतं. आमच्या बोळात हा कधी पाऊलही टाकायला आला नव्हता.

"मी सांगतो सगळ्यांना, अक्का," अण्णा म्हणाले. "मी सोडवलीत की तुझी. साक्ष आहे माझी."

मी नको म्हटलं. माझ्याकडे पेन्सिलीचे कागद होते, त्याच्याकडे तारखांसकट वेबसाइट. अण्णा बोलले असते, तो गोड हसला असता, 'ताईंनी खूप हेल्प केली' म्हणाला असता, आणि चहा झाला असता. मला तेवढ्यावर भागवायचं नव्हतं. हे कोडं त्याचं नाही, हे सगळ्यांसमोर त्याच्या स्वतःच्या तोंडून निघालेलं मला ऐकायचं होतं. दुसरं काही नको होतं. मी अण्णांना गप्प राहायची शपथ घातली आणि रविवारी हुशारशी पूर्वीसारखीच हसून बोलत राहिले. मनातल्या मनात दातओठ खात होते, पण हसत होते.

स्पर्धा जवळ आली. यंदाची व्यवस्था त्याच्याकडेच होती. "ताई, फायनलसाठी एक टफ मुडप द्या ना. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही." मी म्हटलं, देते की.

तीन आठवडे बसमध्ये मी तेच एक कोडं रचत होते. आयुष्यात पहिल्यांदा मायेशिवाय. डावा पिंजरा नेहमीच्या जागी होता, दिसायला नेहमीसारखाच, दोन घरांचा, बेरीज सात. पण या वेळी सगळं कोडं त्याच्यावरच टांगलेलं होतं. पाचव्या आणि सहाव्या ओळीत चार घरं होती, दोन डाव्या काठाला आणि दोन उजवीकडे. त्यांत दोन आणि आठ. त्यांची आपसांत अदलाबदल केली तरी ओळी जुळतात, स्तंभ जुळतात, उजवीकडची बेरीजही तीच राहते. सहाव्या ओळीतलं डावं घर मी मुडपून टाकलं होतं, म्हणजे ते मोजणीतच नाही. दोन कुठे आणि आठ कुठे हे सांगणारी एकच गोष्ट उरत होती, ती म्हणजे डाव्या काठाची सात. ती पुसली की कोड्याला दोन उत्तरं. मी दहादा तपासलं. इतकं सुबक काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं, हे मी लाज सोडून लिहिते. रागानं माझा हात स्थिर झाला होता.

कागद दिला तेव्हा तो म्हणाला, "थँक्यू ताई, यू आर द बेस्ट." मागच्या बाजूला उत्तर होतंच. मी खोटं काहीच दिलं नव्हतं. त्यानं कोडं आहे तसं छापलं असतं तर माझा सगळा डाव पाण्यात गेला असता.

स्पर्धेच्या सकाळी माडीवर चाळीसेक माणसं होती. अंतिम फेरीत चौघं उरले, त्यांत अण्णा आणि एका कॉलेजातल्या प्राध्यापक बाई. चौघांना छापील कागद दिले आणि तेच कोडं मोठं करून फळ्यावर लावलं. मी मागच्या रांगेतून आधी डावा काठ बघितला. चौथ्या-पाचव्या ओळीत कोरी घरं होती. त्यानं सात उडवली होती. मला इतका आनंद झाला की शेजारच्या बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं.

पाऊण तासानं पहिला हात वर गेला तो अण्णांचा. सहा वर्षांत पहिल्यांदा. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. हुशारनं त्यांचा कागद घेतला, आपल्या उत्तराशी लावला आणि जीभ चावली. "सॉरी सर. चार घरं रॉंग आहेत." टाळ्या थांबल्या. अण्णांनी चष्मा काढून पुसला, कागद परत डोळ्यांजवळ धरला, मग कन्नडमध्ये "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाले आणि त्याची घडी घालून खिशात ठेवली. थोड्या वेळानं प्राध्यापक बाईंनी हात वर केला. त्यांचं उत्तर जुळलं.

मी तेव्हाच उठायला हवं होतं. मी उठले नाही. तो अजून पुरेसा उंच चढला नव्हता.

तो चढला. बाईंच्या हातात चषक देण्याआधी माइक घेऊन त्यानं भाषण केलं. हिडन हेम हा प्रकार आपल्याला कसा सुचला, तो म्हातारा टेलर, ती वीज. मग म्हणाला की माझी कोडी जगभर आवडतात, कारण त्यांत एकही क्लू वायफळ नसतो. माझी कोडी. अण्णा खाली मान घालून बसले होते. मी उभी राहिले.

"अण्णांच्या कागदात चूक काय आहे ती दाखवा," मी म्हटलं. कन्नडमध्ये म्हटलं, इंग्रजीची वाट न बघता. कन्नड बहुतेकांना कळत होतं.

"चार घरं ताई. आन्सरशी मॅच होत नाहीत."

"आन्सर ठेवा बाजूला. ओळ चुकलीय का? स्तंभ? कुठली बेरीज?"

अण्णांनी आपला कागद खिशातून काढून फळ्याशेजारी लावला. पुढच्या रांगेतले तिघं-चौघं उठून मोजू लागले. पहिली ओळ बरोबर. दुसरी बरोबर. प्राध्यापक बाई स्वतः येऊन मोजू लागल्या. दहा मिनिटं सगळी माडी बेरजा करत होती आणि हुशारच्या तोंडचं पाणी पळत होतं. चूक निघेना. दोन्ही कागद बरोबर होते. कोडंच दोन उत्तरांचं होतं.

मी पुढे गेले, मार्कर घेतला आणि फळ्यावरच्या कोड्यात डाव्या काठाला दोन घरांभोवती पिंजरा आखला. कोपऱ्यात सात लिहिले. "हे इथं होतं. हे कोणी कापलं?"

आणि तो बोलला. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघतं तसं ते निघालं, मराठीत, चाळीस माणसांसमोर, हातातला माइक चालू असताना. "पण ताई, तुम्ही तिथे नेहमी जादाच ठेवता! तुमच्या प्रत्येक कोड्यात तिथला मी काढलाय, कधीच प्रॉब्लेम आला नाही!"

मराठी कळणारे तिथे फार नव्हते. अण्णांनी ते वाक्य शांतपणे आधी कन्नडमध्ये सांगितलं, मग इंग्रजीत. हुशारनं माइक टेबलावर ठेवला आणि तो खरखरला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. आठवड्याच्या आत त्याला वेबसाइटवर लिहावं लागलं की हा प्रकार मुडप या नावाचा आहे आणि तो चिकपेटेतल्या एका शिंप्यानं आणि त्याच्या मुलीनं काढला. शब्द मी दिले, त्यानं तसेच छापले. एकतीस डावे पिंजरे परत घातले. मला लांबलचक माफीचा मेसेज आला. मी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि उत्तर दिलं नाही. तो आता रविवारी येत नाही. मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण त्याच्या बाबतीत रतिमात्र झाला नाही. आजही बसमध्ये ते वाक्य आठवलं की मला बरं वाटतं.

पण त्या दिवशी माडीवर आणखी एक गोष्ट घडली. मंडळींनी अण्णांना आणि बाईंना मिळून पहिला क्रमांक द्यायचं ठरवलं. अण्णांनी चषकाला हात लावला नाही. "अक्कानं रचलं त्यात सात होते," ते म्हणाले. "सात धरले तर माझं उत्तर चुकीचंच आहे." मग जिना उतरले. मी मागोमाग बस स्टॉपवर गेले. दुपारचं ऊन होतं, आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, ते म्हणतील, बरी जिरवलीस.

"एक विचारू, अक्का? त्यानं ते काढलं की कोणीतरी चूक ठरणार, हे तुला ठाऊक होतं की नाही?"

"होतं."

"मी ठरेन, हेपण?"

मी त्या तीन आठवड्यांत एवढा विचार केला होता, पण हा केला नव्हता, असं सांगता आलं असतं. ते खोटं झालं असतं. चौघांत कोणीतरी आठ आणि दोन उलटे लिहिणार हे मला ठाऊक होतं, आणि अण्णा अंतिम फेरीत असणार हेही. मी ते बाजूला सारलं होतं, कारण मला हुशारला पकडायचं होतं.

"ठरू शकता, एवढं ठाऊक होतं," मी म्हटलं.

"सरी," अण्णा म्हणाले. माडीवर चूक ठरवल्यावर म्हणाले होते, अगदी तसंच. बस आली आणि ते चढले.

त्या दिवसापासून मी त्यांना दर आठवड्याला एक मुडप पाठवते. टपालानं, कारण जन्मभर ते टपालातच होते. माडीवर ते येत नाहीत. कोडं मात्र आठ दिवसांत परत येतं, पूर्ण सोडवलेलं, एकही खाडाखोड नाही, सोबत चिठ्ठी नाही. आणि डाव्या काठाला, चौथ्या-पाचव्या ओळीत, जिथे मी माया ठेवलेली असते, तिथे ब्लेडनं नीट कापलेलं दोन घरांचं भोक असतं. कागद उजेडात धरला की पलीकडचं दिसतं. माझा हात त्यांना नको आहे, त्याशिवाय सोडवतो, असं ते सांगतात, आणि मला ते पोचतं.

मी पुढच्या कोड्यात तो पिंजरा पुन्हा त्याच जागी आखते आणि पाकीट बंद करते.